अनुभव धागा : पेरलं काय, ताटात आलं काय

मंडळी, मृग लागला की आमच्या घरात एक ठराव मंजूर होतो : यंदापासून भाजी घरची, बिनविषारी, ताजी. ठराव मांडतो नवरा, अनुमोदन सासऱ्यांचं, आणि पाणी घालायचं काम माझ्याकडे. गेल्या पावसाळ्यात पहिला मान मेथीचा. बी आणायची गरज नाही, मसाल्याच्या डब्यातली मेथी रात्रभर भिजवून मातीवर पसरली की झालं, हे सासऱ्यांनी कुठून तरी ऐकलं होतं, आणि ते खरं निघालं. ट्रे हिरवेगार झाले. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेले. नणंदेने लगेच 'माझा वाटा ठेव' म्हणून कळवलं. मग मेथी उपटली, निवडली, धुतली, लसणाच्या फोडणीवर टाकली, आणि पालेभाजीच्या स्वभावाप्रमाणे ती आळली. कढईच्या तळाशी दोन चमचे. घरात माणसं सात. सासूबाईंनी जेवणाआधी प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या, तीर्थ नंतर देते." मी फ्रिजमधून कोबी काढला.

व्हिडिओंमध्ये बघावं तर सगळ्यांच्या वेलींना हातभर दुधी लोंबत असतात. तुमच्याकडे खरं काय झालं ते लिहा. कोणी काय पेरलं, कोणी काय खाल्लं (माणसानेच खाल्लं असं नाही), घरात कशावरून वाजलं. खताचे नुस्खे दिलेत तरी चालतील. ज्यांच्याकडे वांगी किलोवारी निघतात त्यांनी मात्र जरा दमाने घ्या.

डोंबिवलीहून

आमच्याकडे जीवामृत, म्हणजे शेणा-गुळाचं आंबवलेलं पातळ खत, हे प्रकरण झालं. नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीत एका एकराला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. आमची जमीन म्हणजे बेडरूमच्या खिडकीची ग्रील. माझ्या भावाने सगळ्याचा विसावा भाग काढला : १० लिटर पाणी, अर्धा किलो शेण, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन. आईचं लक्ष फक्त बेसनावर. "लाडवाचं बेसन शेणात?" हे ती अजून पाहुण्यांना सांगते.

शेण आणलं लोकलमधून, आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात. शेजारच्या काकांनी डब्याकडे बघत विचारलं, "गावचं तूप का?" भाऊ "हो" म्हणून मोकळा झाला. पुढे काका भाव विचारायला लागले.

ते मिश्रण गोणपाटाने झाकायचं आणि सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं असतं. त्यात जिवाणू वाढतात, वायू सुटतो, त्याला बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. भावाला वासाची धास्ती, म्हणून त्याने कॅनचं झाकण गच्च आवळून तो बाथरूममध्ये ठेवला. मध्यरात्री जो आवाज झाला त्याने आई "चोर, चोर" करत लाटणं घेऊन उठली. चोर नव्हता. जीवामृत होतं, भिंतीवर, आरशावर, माझ्या टूथब्रशवर. पुढल्या दिवाळीत रंगारी आला. छताकडे बघून म्हणाला, "ताई, हे जाणार नाही. टेक्स्चर समजा."

नागपूरहून

आमच्या इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की माणसंही कूलरसमोर आणि कुंड्याही कूलरसमोर. टोमॅटोला फूल येते, पण एवढ्या उन्हात फळ धरतच नाही, फूल गळून पडते. बाबांनी गच्चीवर हिरवी नेट बांधली. तिच्या सावलीत सध्या बाबाच बसतात, पेपर घेऊन.

ठाण्याहून

दुधी म्हणालात म्हणून लिहिते. काकडीचं, लाल भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं. दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी आणि सकाळपर्यंत मान टाकतं. बाराव्या मजल्यावर त्या वेळी ना पतंग फिरकत, ना माशी. त्यामुळे फुलं भरपूर आणि दुधी शून्य. यावर उपाय म्हणजे आपणच परागीकरण करायचं. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी आधीच असतो. नर फूल नुसतं लांब, बारीक देठावर. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा पराग मादी फुलाच्या आत हलकेच टेकवायचा.

हे काम नवऱ्याने अंगावर घेतलं. ऑफिसातून आला की चहाही न घेता कपाळाला ट्रेकिंगची बॅटरी बांधून बाल्कनीत. पलीकडच्या इमारतीतल्या एक बाई माझ्या आईला लिफ्टपाशी भेटल्या. "तुमचे जावई रोज तिन्हीसांजेला ग्रीलला लोंबकळून करतात तरी काय?" आई शांतपणे म्हणाली, "लग्नं लावतात."

एक लग्न टिकलं. दुधी धरला, वाढला, त्याला जाळीची झोळी बांधली. सासऱ्यांनी आधीच जाहीर केलं होतं की पहिल्या दुधीचा ते सकाळी उपाशीपोटी रस घेणार. रस काढल्यावर मुलीने आधी थेंबभर जिभेवर ठेवायला लावला. कडूजहर! सासरे म्हणे, "औषध कडूच असतं. शिवाय घरचा आहे, फवारणी नाही काही नाही." मुलगी फार्मसीला आहे, तिने ग्लास सरळ बेसिनमध्ये ओतला. हे गमतीचं नाही म्हणून नीट लिहिते : कडू दुधीत कुकरबिटॅसिन असतं आणि ते विषारी आहे. या रसाने माणसं दगावली आहेत, आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) त्यावर तज्ज्ञ समिती नेमली होती. दुधी कडू लागला तर रस टाकून द्यायचा. त्यात आवळा-आलं घालून कडवटपणा मारायचा नाही. घरचा असो की बाजारचा.

नवरा त्या दिवशी जेवला नाही फारसा.

चिपळूणहून

शहरवाल्यांचं बरं चाललंय. आमच्याकडे लावायचं आम्ही आणि खायचं माकडांनी, हा करार आजोबांच्या काळापासूनचा. पपई पिवळी पडायच्या आदल्या दिवशी त्यांना कळतं, आम्हाला नाही. फटाके लावून झाले. बुजगावण्याला वडिलांचा जुना शर्ट घातला, तर एक माकड तो शर्ट घेऊन फणसावर. वडील खालून म्हणतात, "खिशात काही राहिलं नाही ना बघा."

हळद, सुरण आणि अळू एवढ्याला ते हात लावत नाहीत. म्हणून आमचं ताजं, सेंद्रिय खाणं म्हणजे अळू. आज फदफदं, उद्या वड्या, परवा देठी. श्रावण संपेपर्यंत घरात कोणी "आज काय?" विचारत नाही.

मुंबईचा भाचा आला होता, रोज सकाळी हिरवी स्मूदी पिणारा. आम्ही उठायच्या आत परसात जाऊन 'पालक' खुडून आणला, मिक्सरला लावला आणि एक घोट घेतला. कच्च्या अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात टोचतात. त्यासाठीच अळवात चिंच किंवा आमसूल घालायचं आणि नीट शिजवायचं. आईने कोकमाचं आगळ पाजलं, थोड्या वेळाने उतार पडला. संध्याकाळपर्यंत भाच्याने मान हलवूनच सगळं सांगितलं. मिक्सरच्या भांड्यातलं उरलेलं आईने माडाच्या मुळाशी ओतलं.

एक निवृत्त बांधकाम अभियंता

मजा वाचतोय. मध्येच रुक्ष मुद्दा टाकतो, क्षमस्व. एक घनफूट ओल्या मातीचं वजन ४५ ते ५० किलो भरतं. गच्चीवर वाफे बांधण्याआधी खालच्या मजल्यावरच्या माणसाचा विचार करा. पालापाचोळा, उसाचं चिपाड, कोकोपीट जास्त आणि माती कमी, असं भरलं तर वजन निम्म्याखाली येतं. वाफे कॉलमजवळ किंवा बीमवर येतील असे ठेवा. आमच्या सोसायटीत एकाच्या गच्चीवर पालक आणि दुसऱ्याच्या छताला शेवाळ अशी विभागणी झाली होती. वार्षिक सभेत पालकाची जुडी शांतता-प्रस्ताव म्हणून पुढे आली. ती स्वीकारली, पण गळतीचा खर्च वेगळा लावला.

नाशिकहून

आमच्या कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याने घाण केली म्हणून मी पुसायला गेले तर ती घाण चालायला लागली. नातीने ओरडून हात धरला. लिंबू-कढीपत्त्यावर अंडी घालणाऱ्या फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते म्हणे, म्हणजे कोणी खात नाही. मोठी झाली की हिरवीगार. काडीने डिवचलं तर डोक्यातून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि असा उग्र वास सोडते की डिवचणारा मागे.

शाळेत नातीला शिकवलं होतं की नीलवंत हे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. तिने ठरवूनच टाकलं की आपल्या कुंडीत नीलवंत जन्माला येणार. झालं, निमतेलाची बाटली कपाटात गेली आणि झाडाला पहारा बसला. अळ्या दिवसभर चरायच्या. कुर्रकुर्र आवाज येतो असं ती म्हणायची, मला काही ऐकू आला नाही. झाडाच्या काड्या राहिल्या. आमटी, पोहे, कढी सगळं बिनकढीपत्त्याचं. यजमान म्हणाले, "एवढ्याशा अळीसाठी माझी कढी?" त्यांना सभागृहातून बाहेर काढण्यात आलं.

शेवटी कोष फुटला. काळं, पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेलं फुलपाखरू. नीलवंत नव्हे, कॉमन मॉर्मन. नात क्षणभर हिरमुसली, मग म्हणाली, "राज्याचं नाही, पण आपलं आहे." ते ग्रीलवर पंख वाळवत बसलं आणि उडून गेलं. शेजारणीच्या कढीपत्त्याकडे गेलं, हे मी शेजारणीला बोलले नाही.

लेस्टरहून (इंग्लंड)

इकडे नगरपालिका भाड्याने शेताचा तुकडा देते, तो मिळायला रांग असते. आमचा नंबर लागला तेव्हा सासू-सासरे भारतातून आलेलेच होते. मेथी, मुळा, कोथिंबीर जोमात पेरली. पावसाळी रात्री बिनशंखाच्या गोगलगायी यायच्या आणि सकाळी नुसते देठ. त्यावर इथला जुना तोडगा : वाटीत बिअर ओतून ती वाफ्यात काठापर्यंत पुरायची. यीस्टच्या वासाने गोगलगायी येतात आणि बुडतात.

नवऱ्याने सासूबाईंना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी सकाळी शेडमध्ये बिअरचे रिकामे डबे मोजले आणि दिवसभर मुलाशी अबोला. संध्याकाळी त्याने त्यांना वाफ्यापाशी नेऊन वाट्या दाखवल्या. त्या वाकून बघत राहिल्या. सासरे म्हणाले, "गोगलगायीला रोज आणि आम्हाला विचारतही नाही." कोथिंबिरीचा खर्च त्या महिन्यात वाइनच्या भावाने गेला. पण धणे रगडून दोन फोडी करून पेरले तर थंडीतही उगवतात, फक्त वाट बघावी लागते, एवढं नक्की.

कोल्हापूरहून

आमच्या गावात श्री. अ. दाभोळकर होऊन गेले, गणिताचे प्राध्यापक. शेतीचे प्रयोग करणाऱ्या त्यांच्या 'प्रयोग परिवारा'तली माणसं झाडाच्या पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशोब मांडायची. आमच्या वडिलांनी त्यातला हिशोब तेवढा उचलला. वही घातली. माती, कुंड्या, शेणखत, झारी, निमतेल, सगळं डावीकडे, आणि उजवीकडे उत्पन्न. वांग्यांची भाजी झाली त्या दिवशी चष्मा लावून म्हणाले, "एक वांगं एकशे ऐंशी रुपयाला पडलं. सावकाश चावून खावा."

उजवी बाजू भरली ती न पेरलेल्या गोष्टींनी. ओल्या कचऱ्याच्या ड्रममध्ये करड्या जाड अळ्या झाल्या तेव्हा आईने ड्रम फेकायलाच काढला होता. त्या काळ्या सैनिक माशीच्या. चावत नाहीत, माशी घरातल्या अन्नावर बसत नाही, आणि कचऱ्याचा फन्ना उडवतात. ते खत कुंड्यांत घातलं तर त्यातून टोमॅटो आले, एक पपई आली, एक कारल्याचा वेल आला. विकत आणून लाड केलेली चेरी टोमॅटोची रोपं नागअळीने खाल्ली. फरशीच्या फटीत घोळ उगवली. तिची डाळ घालून भाजी गेल्या पावसाळ्यात दर आठवड्याला झाली. वडिलांनी वहीत लिहिलं : घोळ, खर्च निरंक.

आणि मायाळू. एकदा कोणी तरी काडी दिली होती. आता जिना चढून वरच्या घरात गेलाय. वरचे भाडेकरू भजी करतात आणि आम्हाला चार पाठवतात, आमच्याच वेलाची. काड्या किंवा बी कोणाला हवं असेल तर इथेच सांगा, पाकीट करून पाठवतो. कुरिअरचा खर्च तुमचा, वडिलांची वही आहे.