इंग्रजीत ‘चूक शोधा’: वाक्य कानाला बरोबर वाटतं आणि तिथेच मार्क जातो

अभ्यासिका_अमळनेर:
एमपीएससी आणि एसएससी (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशनची भरती परीक्षा), दोन्हींची तयारी चालू आहे. शाळा मराठी माध्यमाची, घरात अहिराणी. टेन्स, आर्टिकल, प्रेपोझिशन यांचे नियम पाठ आहेत. पण वाक्याचे तुकडे पाडून ‘चूक कोणत्या भागात?’ असं विचारलं की काहीच खटकत नाही. मग ‘नो एरर’वर टिक होते आणि उत्तर चुकतं. खालची पाच वाक्यं सरावासाठी आम्ही मिळून तयार केली आहेत, प्रत्येकात चूक ठेवली आहे. नुसतं उत्तर नको, ती शोधायची रीत कोणी सांगाल का?

१) ‘द क्वालिटी ऑफ द बनानाज / सेंट फ्रॉम रावेर टु दिल्ली / वेअर व्हेरी गुड / नो एरर’
२) ‘माय ब्रदर इज वर्किंग / इन द भुसावळ यार्ड / सिन्स थ्री इयर्स / नो एरर’
३) ‘आय हॅड गॉन टु धुळे / यस्टरडे / टु बाय सीड्स / नो एरर’
४) ‘वी डिस्कस्ड अबाउट / द वॉटर लेव्हल / ऑफ द हतनूर डॅम / नो एरर’
५) ‘अनलेस यू डू नॉट पे / द फी बाय मंडे / युअर फॉर्म विल बी रिजेक्टेड / नो एरर’

तापीकाठ:
खटकण्यावर विसंबू नका. आपला कान मराठीचा आहे आणि या पाचही वाक्यांच्या तळाशी मराठीच आहे, म्हणून तर ती खटकत नाहीत. कानाऐवजी ठरलेल्या क्रमाने तपासा.

आधी क्रियापदाखाली रेघ मारा. वाक्य १ मध्ये ती ‘वेअर’खाली येईल. ‘सेंट’ला फसू नका, तिथे त्याचा अर्थ ‘पाठवलेली’ एवढाच आहे, ते केळ्यांचं विशेषण आहे. आता क्रियापदाला विचारा: चांगलं काय होतं? दर्जा. केळी नव्हे. ‘क्वालिटी’ एकवचनी, म्हणून ‘वॉज’ हवं. चूक तिसऱ्या भागात.

ही चूक इतक्या जणांकडून का सुटते तेही बघा. मराठीत आपण म्हणतो, ‘रावेरहून दिल्लीला पाठवलेल्या केळ्यांचा दर्जा चांगला होता.’ केळी आधी येऊन गेली आणि ‘दर्जा’ क्रियापदाच्या बाजूला बसला. इंग्रजीत बरोबर उलटं होतं. कर्ता आधी येतो आणि ‘ऑफ’ची शेपटी त्याच्या मागे लागते. त्या शेपटीतलं शेवटचं नाम क्रियापदाला खेटून बसतं आणि आपण त्यालाच कर्ता समजतो. म्हणून कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये ‘ऑफ’, ‘विथ’, ‘अलाँग विथ’, ‘ॲज वेल ॲज’, ‘इन ॲडिशन टु’ यांपैकी काहीही दिसलं, की तिथपासून क्रियापदापर्यंतचा तुकडा पेन्सिलीने खोडा आणि उरलेलं वाचा. ‘द मॅनेजर, अलाँग विथ हिज क्लर्क्स, हॅव लेफ्ट’ यातून क्लर्क खोडले की ‘द मॅनेजर हॅव लेफ्ट’ उरतं, आणि मग ‘हॅव’ आपोआप उघडं पडतं.

हे खोडणं काही ठिकाणी चालत नाही. ‘अ नंबर ऑफ फार्मर्स’ म्हणजे ‘बरेच शेतकरी’, तिथे ‘आर’. ‘द नंबर ऑफ फार्मर्स’ म्हणजे ‘शेतकऱ्यांची संख्या’, तिथे ‘इज’. दुसरं ठिकाण ‘आयदर-ऑर’ आणि ‘नायदर-नॉर’: तिथे क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं.

यानंतर काळ. वाक्य २ मध्ये तुम्ही नकळत दोन चुका ठेवल्या आहेत. परीक्षेत एका वाक्यात एकच चूक असते, त्यामुळे हे वाक्य असं येणार नाही. ‘हॅज बीन वर्किंग … सिन्स थ्री इयर्स’ असं येईल किंवा ‘इज वर्किंग … सिन्स २०२१’ असं. दोन्हींचं मूळ ‘पासून’ या एका शब्दात आहे. मराठीत ‘तीन वर्षांपासून’ आणि ‘२०२१ पासून’ सारखंच. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगितला तर ‘सिन्स’ आणि मधला कालावधी मोजला तर ‘फॉर’. शिवाय मराठीत ‘तो तीन वर्षांपासून काम करतोय’ हा चालू वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीत काम मागे सुरू होऊन अजून चालू असेल तर ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ लागतंच, इथे ‘हॅज बीन वर्किंग’.

वाक्य ३ हे तर अस्सल मराठी. ‘मी काल धुळ्याला गेलो होतो.’ आपल्याकडे हा ‘होतो’ सहज येतो, त्याला दुसऱ्या घटनेची गरज नसते. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ तेव्हाच, जेव्हा मागे घडलेल्या दोन गोष्टींतली आधीची कोणती ते दाखवायचं असतं: ‘द बस हॅड लेफ्ट बिफोर आय रीच्ड द स्टँड.’ एकच घटना आणि सोबत ‘यस्टरडे’, तर ‘वेंट’. चूक पहिल्या भागात. याचीच जुळी बहीण म्हणजे ‘आय हॅव सेंट द लेटर यस्टरडे’. ‘काल पत्र पाठवलं आहे’ हे मराठीत बिनतक्रार चालतं. इंग्रजीत ‘हॅव’ आणि ‘यस्टरडे’ एकत्र नांदत नाहीत. ‘लास्ट वीक’, ‘टू डेज अगो’, ‘इन २०१९’ यांनाही हेच लागू.

केळीबाग_यावल:
वाक्य ४ माझ्याकडे. ‘अबाउट’ काढा, चूक पहिल्या भागात. आपण ‘विषयावर चर्चा करतो’, ‘जळगावला पोहोचतो’, ‘खोलीत शिरतो’, ‘तिच्याशी लग्न करतो’. हे ‘वर’, ‘ला’, ‘त’, ‘शी’ इंग्रजीत नेले की ‘डिस्कस अबाउट’, ‘रीच टु’, ‘एंटर इन्टू द रूम’, ‘मॅरी विथ’ तयार होतात. चारही चूक. या क्रियापदांना कर्म थेट लागतं. ‘रिझेम्बल’ आणि ‘ऑर्डर’ त्याच गटातली: ‘ऑर्डर टू टीज’, मध्ये ‘फॉर’ नाही.

पेपर काढणारे गाठ मारतात ती पुढे. हेच शब्द नाम म्हणून आले की प्रेपोझिशन परत येतं. ‘अ डिस्कशन अबाउट द डॅम’ बरोबर, ‘ॲन ऑर्डर फॉर टू टीज’ बरोबर. तेव्हा शब्द पाहून लगेच काट मारू नका. त्याच्या आधी ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ किंवा ‘हिज’ असं काही आहे का ते बघा.

उलटाही प्रकार आहे. मराठीत वेगळा शब्द दिसत नाही म्हणून इंग्रजीतलं प्रेपोझिशन गाळलं जातं. ‘रेडिओ ऐक’ वरून ‘लिसन द रेडिओ’, ‘माझी वाट बघ’ वरून ‘वेट मी’, ‘मला समजाव’ वरून ‘एक्स्प्लेन मी’. बरोबर रूपं ‘लिसन टु’, ‘वेट फॉर’ आणि ‘एक्स्प्लेन इट टु मी’. नेहमीचे शब्द फार नाहीत, एका पानावर मावतात. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘प्रेफर’ यांच्यापुढे ‘दॅन’ नसून ‘टु’ येतो, तेही त्याच पानावर लिहा.

वाक्य ५: ‘जोपर्यंत फी भरत नाही’ यातला ‘नाही’ आपण ‘अनलेस’सोबत घेऊन जातो. पण ‘अनलेस’च्या पोटात नकार आधीच आहे. ‘अनलेस यू पे’ एवढंच. चूक पहिल्या भागात.

सातपुडा_पायथा:
घरात अहिराणी आहे म्हणून एक सांगतो. अहिराणीत ‘मी करस, तू करस, तो करस’, एकवचनात तिन्ही पुरुषांना ‘स’ आणि अनेकवचनात ‘त्या करतस’. इंग्रजी वर्तमानकाळातला ‘स’ फक्त ‘तो करस’ला लागतो, ‘मी’ आणि ‘तू’ला नाही. ‘ही वर्क्स’, पण ‘आय वर्क’. अनेकवचनात तर नाहीच. नामाला ‘स’ लागला की क्रियापदाचा जातो: ‘द बॉय वर्क्स’, ‘द बॉइज वर्क’. आणि हा ‘स’ एकदाच खर्च होतो. ‘डज’ने तो घेतला की पुढे ‘गो’च राहतं, ‘डज ही गोज’ होत नाही. ‘डिड’ने भूतकाळ घेतला की ‘डिड नॉट वेंट’ होत नाही, ‘डिड नॉट गो’.

‘अ’ की ‘ॲन’ यासाठी शब्द देवनागरीत लिहून बघा, आपल्या लिपीचा इथे खरा उपयोग होतो. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’: ॲन आवर, ॲन एमएलए, ॲन एमपीएससी कँडिडेट. व्यंजन असेल तर ‘अ’: अ युनिव्हर्सिटी, अ युरोपियन, अ वन-वे रोड. इंग्रजी स्पेलिंगकडे बघूच नका. फक्त ‘हॉनेस्ट’ आणि ‘इयर’सारखे शब्द सांभाळा: ‘हॉनेस्ट’मध्ये आपल्या तोंडी ‘ह’ आहे, मूळ उच्चारात नाही, आणि ‘इयर’ (वर्ष) आपण ‘इ’ने लिहितो, पण मूळ उच्चारात आधी ‘य’ आहे. म्हणून ‘ॲन ऑनेस्ट मॅन’, पण ‘अ इयर’.

नद्यांना ‘द’ लागतो: द तापी, द गिरणा. गावांना नाही.

आणि ‘सिन्स’ दिसला की डोळे मिटून ‘हॅज बीन’ लावा, म्हणजे झालं.

तापीकाठ:
शेवटचं वाक्य तेवढं दुरुस्त करायला हवं, नाहीतर नवीन मुलं फसतील. ‘सिन्स’चा अर्थ ‘कारण’ असाही होतो: ‘सिन्स ही वॉज इल, ही डिड नॉट कम.’ इथे ‘हॅज बीन’चा संबंध नाही. ‘इट इज टू इयर्स सिन्स ही लेफ्ट’ हेही बरोबर. आधी ‘सिन्स’चा अर्थ पाहा, मग टेन्स. अहिराणीच्या ‘स’चा मुद्दा मात्र फार उपयोगी, तो वहीत लिहून ठेवावा असा.

अभ्यासिका_अमळनेर:
खूप मोठी मदत झाली. ‘नो एरर’चं काय करायचं? आणि तुमच्या रीतीने दोन वाक्यं सोडवून बघितली, बरोबर आहेत का सांगा.

अ) ‘नायदर द सरपंच / नॉर द मेंबर्स / वॉज प्रेझेंट / नो एरर’: जवळचा कर्ता ‘मेंबर्स’, म्हणून ‘वेअर’. चूक तिसऱ्या भागात.
ब) ‘वन ऑफ द ट्रेन / फ्रॉम भुसावळ / वॉज लेट टुडे / नो एरर’: ‘ऑफ’ची शेपटी खोडली, ‘वन वॉज लेट’ उरलं. म्हणून ‘नो एरर’.

तापीकाठ:
‘नो एरर’ हाही खराखुरा पर्याय आहे. क्रियापद-कर्ता, काळ, प्रेपोझिशन, नामाचं वचन, आर्टिकल, ‘अनलेस’सारखे वाक्य जोडणारे शब्द या क्रमाने एकदा तपासा. एवढ्याला अर्धं मिनिट पुरतं. काही सापडलं नाही तर बेधडक ‘नो एरर’ लिहा. एसएससी सीजीएल या पदवीधरांच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे टिअर १ मध्ये, इंग्रजीचे २५ प्रश्न, बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला ०.५० वजा. म्हणजे चार चुका एक बरोबर उत्तर खातात. दोन भाग खात्रीने निर्दोष ठरवता आले असतील तर उरलेल्या दोनांतून निवडणं परवडतं. चारही सारखेच धूसर असतील तर त्या प्रश्नावर वेळ घालवू नका, पुढे जा.

‘अ’ बरोबर. ‘ब’ चुकलं. क्रियापद नीट तपासलंत, पण नामाचं वचन बघायचं राहिलं. ‘वन ऑफ द’च्या पुढे नाम कायम अनेकवचनी. मराठीतही आपण ‘गाड्यांपैकी एक’ म्हणतो, ‘गाडीपैकी’ म्हणत नाही, तरीही हे सुटतं, कारण इंग्रजीतून घेतलेले शब्द आपण मराठीत बहुतेक न बदलता वापरतो: ‘दोन ट्रेन लेट आहेत’, ‘चार फॉर्म भरले’, ‘तीन बस गेल्या’. कानाला तो ‘स’ ऐकायची सवयच नाही. म्हणून शेपटी खोडायची ती फक्त कर्ता शोधायला. तो सापडला की खोडलेला तुकडा परत वाचायचा. ‘वन ऑफ द ट्रेन्स’, चूक पहिल्या भागात.