घरी दाबलेल्या पाइप तंबाखूची वडी भुगा होऊन राहिली

धरमपेठवाला: भाऊ लोक, व्हर्जिनिया अन् बर्ली या दोन जातींची तंबाखूची पानं निम्मी-निम्मी घेऊन दोन फळ्यांच्या मधात ठेवली, वरून सुताराचा सी-क्लॅम्प कसला. चार दिवसांनी सुरी लावली तर सगळा भुगा! काऊन होऊन राहिलं असं?

जुना_पाइप: पान कोरडं होतं, दुसरं काय. नागपूरचा मे महिना अन् वरून घरात कूलर बंद. आधी मधली शीर काढ, मग पाण्याचा हलका फवारा मारून डब्यात रात्रभर झाकून ठेव, पान बोटाला गुंडाळलं तर तडकलं नाही पाहिजे पण हाताला ओलंही लागलं नाही पाहिजे. वडी बसत जाते तसा क्लॅम्प ढिला पडते, रोज थोडा पीळ देत जा. चार दिवस लय कमी झाले, दोन-तीन आठवडे तरी ठेव.

इतवारीकर: बर्ली पण कमी कर. तिच्यात साखर नसल्यातच जमा, व्हर्जिनियात भरपूर, म्हणून व्हर्जिनिया चिकटून बसते. दाबायच्या आधी वाफ दिली तर अजून छान. बुरशी मात्र पाहत राहा, केसाळ पांढरं दिसलं अन् कुबट वास आला की सरळ फेकायचं.

धरमपेठवाला: खर्र्याची, म्हणजे सुपारी-चुन्यासंगं घोटून खातात ती तंबाखू मिसळली तर?

जुना_पाइप: नको बे, डोकं गरगरंल. तिखट पाहिजे तर पेरीक तंबाखू शोध, अमेरिकेच्या लुइझियानातली, पिंपात स्वतःच्याच रसात दाबून मुरवतात.