टाना नदी: सीमा, सॅमन आणि नकाशा बघून पडलेला प्रश्न

नकाशावेडा
नॉर्वे-फिनलंडचा नकाशा झूम करून बघत होतो तर पार उत्तरेला दोन्ही देशांची सीमा लांबपर्यंत एका नदीतूनच जाते आणि मग एकदम तिला सोडून देते. कुठे टाना लिहिलंय, कुठे तेनो. नदी एकच ना? आणि सॅमनसाठी एवढी नावाजलेली असून २०२१ ला सॅमनची मासेमारी बंद केली असं वाचलं, ते का?

उत्तरा_क
एकच आहे. नॉर्वेत टाना, फिनिशमध्ये तेनो, सामी लोक देआत्नू म्हणतात, म्हणजे मोठी नदी. कारासयोहका आणि अनारयोहका मिळाल्या की टाना सुरू होते. सीमा १७५१ च्या तहातली, तेव्हा फिनलंड स्वीडनच्या ताब्यात होता. नुओरगाम या फिनलंडमधल्या गावाजवळ सीमा नदी सोडते आणि पुढची नदी पूर्ण नॉर्वेची, टानाफ्योर्डमधून बॅरेंट्स समुद्रात जाते.

गाळवाळू
बंदीचं कळायला उपनद्या बघा. नकाशावर ती एक निळी रेघ दिसते, पण माशाच्या हिशोबाने त्या तीसेक नद्या आहेत, कारण सॅमन जिथे जन्मला त्याच उपनदीत परत येतो आणि त्यामुळे प्रत्येक फाट्याचा वंश वेगळा झालाय. मुख्य पात्रात बरीच वाळू आहे, अंडी घालायला मात्र गोटे-खडी आणि वाहतं पाणी लागतं. मादी आडवी होऊन शेपटी आपटत खडी उडवते, खड्ड्यात वाटाण्याएवढी नारिंगी अंडी घालते आणि परत खडीने झाकते, मग अख्खा हिवाळा ती अंडी बर्फाखालच्या पाण्यात. पिल्लं समुद्रात जायच्या आधी तीन-चार-पाच वर्षं नदीतच काढतात. म्हणून एखाद्या फाट्यावर मासे कमी झाले की शेजारच्या फाट्यातले येऊन जागा भरत नाहीत, आणि वरच्या कारासयोहका-इएसयोहकाकडचे तर फारच कमी झालेत. समुद्रातून परतणारेच घटले, म्हणून बंदी. याच नदीत १९२८ साली गळाला ३६ किलोचा सॅमन लागला होता, त्यामुळे हे वाचताना खरंच वाईट वाटतं.

नकाशावेडा
धन्यवाद दोघांना! मी मुख्य नदीच बघत होतो. धरण वगैरे आहे का मध्ये?

गाळवाळू
मुख्य नदीवर नाही, समुद्रापासून वरपर्यंत मोकळी वाट आहे. उलट त्याच वाटेने आता गुलाबी सॅमन पण शिरतोय, पॅसिफिकमधला, सोव्हिएत काळात श्वेत समुद्राकडच्या नद्यांत सोडलेला. विषम वर्षी जास्त येतो, म्हणजे २०१७, २०१९ असा, आणि अंडी घालून तिथेच मरतो.