उतरती कळा 'लागते' की 'येते'?

जामनेरी वांगं: काल मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं की आपल्या फुटबॉल क्लबला, मँचेस्टर युनायटेडला, उतरती कळा लागलीय, तर एक जण लगेच, कळा लागत नसतात भो, कळा येतात, बाळंतिणीला! मी तर लहानपणापासून 'लागली' असंच ऐकतोय. खरं काय? आणि 'फॉलन जायंट'ला एखादा झणझणीत मराठी शब्द सुचवा, बॅनरवर टाकायचाय. 2013 नंतर लीग जिंकली नाही तरी आम्ही सात-आठ जण अजून रात्री जागून मॅच बघतो.

धुळ्याचा मास्तर: बाळंतिणीच्या त्या 'कळ'चं अनेकवचन. ही 'कळा' एकवचनी, संस्कृत 'कला'वरून, चंद्राचा सोळावा भाग. 'अवकळा'तली तीच. त्यामुळे 'लागली' बरोबर. बॅनरला 'गतवैभव' लिहा, उगाच इंग्रजीची उसनवारी कशाला.

भुसावळ लोको: सर, गतवैभव हा सत्काराच्या भाषणातला शब्द, मॅच बघताना कोण बोलतं तसं? पण चंद्राचं आवडलं. 2024-25 ला आपण पंधरावे आलो, पंधरावी तिथी अमावस्या, म्हणजे आता प्रतिपदाच की!

चोपडेकर ताई: पौर्णिमापण पंधरावीच असते दादा 😄 मी लिव्हरपूलवाली, आमचा लीगविना कृष्णपक्ष 1990 ते 2020 चालला, तुमची आत्ता कुठे षष्ठी-सप्तमी. आणि 2025 ला आमच्यापण 20 लीग झाल्या बरं का, बरोबरी.

जामनेरी वांगं: ताई, आमच्या 20 मधल्या 13 एकट्या मॅनेजर फर्ग्युसनच्या. असो. 'घर फिरलं की वासे फिरतात' टाकू का? आपला खेळाडू मॅकटॉमिने बघा, इथून गेला नि इटलीच्या नापोलीत पहिल्याच सीझनला लीग जिंकला.

धुळ्याचा मास्तर: चूक. वाईट दिवसात आपलीच माणसं उलटली तर ती म्हण. त्याला तर क्लबनेच विकलं ना? इथे घरानेच वासा विकून खाल्ला.

साक्रीकर: आमनी आजी म्हने, घर फिरनं का वासा बी फिरतस. पण आमच्या घराला धाबं होतं, मातीचं सपाट, उतरतं छप्पर नाहीच, मग फिरायला वासे आणले कुठून कोण जाणे. म्हण कोकणातली असावी असं मला कायम वाटतं.

धुळ्याचा मास्तर: उगाच काहीतरी. धाब्यालापण लाकूड लागतंच.

भुसावळ लोको: धाब्यावरून आठवलं, मे 2024 ला आर्सेनलकडून हरलो त्या दिवशी आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमचं छत असं गळत होतं की स्टँडच्या कोपऱ्यातून धबधबाच. आमचे आजोबा मृगाच्या आधी गाडीभर खारी माती आणून धाब्यावर पसरायचे, अनवाणी पायाने दाबत दाबत, आणि पहिल्या पावसात खाली पितळेचं पातेलं घेऊन बसायचे, थेंब पडला की आम्हाला शिव्या, तुम्हीच वर नाचले असाल म्हणून. तिकडेपण खारी टाका म्हणावं.

चोपडेकर ताई: खारी? आमच्याकडे पांढरी माती म्हणतात. खारी चहात बुडवायची.

साक्रीकर: पांढरी म्हणजे गावठाण हो ताई, काळी म्हणजे शेत. धाब्यावर टाकतात ती खारीच, खारट असते म्हणून त्यावर गवत उगवत नाही.

चोपडेकर ताई: आमच्या धाब्यावर उगवायचं, शेळी चढायची खायला.

जामनेरी वांगं: अहो बॅनर शनिवारी छापायला द्यायचाय.

साक्रीकर: मग ती खारी नव्हतीच.