मिंगस: वादक की बँडप्रमुख?

अमेरिकन जाझ संगीतकार चार्ल्स मिंगस हे मुळात डबल बासचे (खर्जातल्या स्वरांच्या मोठ्या तंतुवाद्याचे) वादक होते आणि बँडचे नेतृत्व त्यांच्याकडे ओघाने आले, हे मत मला अपुरे वाटते. १९५६ च्या सुमारास आपल्या ‘जाझ वर्कशॉप’ या वाद्यवृंदातील वादकांच्या हाती लिहिलेले स्वर देण्याऐवजी ते रचनेचा आराखडा पियानोवर वाजवून दाखवत, कारण प्रत्येकाने तो कानाने आत्मसात करून स्वतःच्या शैलीत खुलवावा, अशी त्यांची धारणा होती. आपल्याकडे गुरू शिष्याला देतो त्या संगीताच्या तालमीची आठवण करून देणारी ही पद्धत मला अतिशय मोलाची वाटते. ड्रमवादक डॅनी रिचमंड यांनी त्यांना दोन दशके साथ दिली. १९७९ मध्ये मेक्सिकोत मिंगस वारले. त्यांच्या इच्छेनुसार पत्नीने अस्थी गंगेत विसर्जित केल्या.