१२० पोरांच्या वर्गात 'शेजाऱ्याशी चर्चा करा' म्हणणाऱ्यांसाठी

फळ्यासमोरचा
परवा इथेच एकाने ठासून लिहिलं, की मोठ्या वर्गात नुसतं व्याख्यान देणारा शिक्षक आळशी. दर दहा मिनिटांनी पोरांना आपापसात बोलायला लावलं की वर्ग जिवंत होतो. वाचून डोकं उठलं. तिथे लिहीत होतो, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, तालुक्याच्या गावी. पटावर १२०. तास ४५ मिनिटांचा, त्यात हजेरी. 'शेजाऱ्याशी बोला' म्हटलं की बोलतात हो, आयपीएलवर. आवाज वाढला की उपप्राचार्य दारात: "सर, वर्ग आवरा जरा." पोर्शन कोण संपवणार, चर्चा?

कोनमापक
सर, 'बोला' म्हणून सोडून देणं ही पद्धत नव्हेच. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून करतात ते असं: एक संकल्पनेचा प्रश्न, गणित नाही. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर आले, तरच शेजाऱ्याला पटवायला लावायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. त्याहून कमी आले तर परत शिकवा, जास्त आले तर पुढे चला. यंत्रबिंत्र लागत नाही, जो पर्याय वाटतो तेवढी बोटं छातीशी धरली की झालं. मागच्याला दिसत नाहीत.

प्रश्न असा: एसटी आणि स्कूटीची समोरासमोर धडक. जास्त बल कोणावर? विचारून बघा तुमच्या १२० जणांना.

फळ्यासमोरचा
हार्वर्ड! तिथली पोरं आणि आमची पोरं एकच का?

कोनमापक
गंमत तीच. असल्या साध्या प्रश्नांची चाचणी दिली, तेव्हा तिथल्याच एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मला खरंच वाटतं तसं? आणि आपल्याकडचं हवं असेल तर मुंबई आयआयटीत पहिल्या वर्षाच्या शेकडो मुलांच्या संगणकाच्या वर्गात जोडीने विचार करायला लावून पाहिलंय, २०१३ चा शोधनिबंध आहे.

घड्याळीतासिका
जेईई पार केलेली मुलं, प्रयोग तिथे आणि उपदेश आम्हाला! मी तासिका तत्त्वावर आहे. दिवाळीआधीचं मानधन अजून यायचंय. असा एक प्रश्न नीट बेतायला घरी संध्याकाळ जाते, तिचे पैसे कोण देणार? व्याख्यान तयार असतं, उभं राहायचं आणि बोलायचं. म्हणा आळशी.

लास्टबेंच
ते १२० पटावर ना? वर्गात किती? आमच्या वेळी पंधरा असायचे, बाकी सगळे क्लासला. कॉलेज-क्लासचं टायअप झिंदाबाद.

फळ्यासमोरचा
आता बोललात. २०१८ ला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला होता. पोरं अंगठा लावून मागच्या दाराने पसार. कोणाला सहभागी करून घेऊ, बाकांना?

एक_पालक
मुलं क्लासला का जातात याचाही विचार करा की. माझ्या मुलाच्या कॉलेजात सर पुस्तक वाचून दाखवतात. क्लासमध्ये निदान शिकवतात तरी. तीन लाख हौस म्हणून भरले का आम्ही?

घड्याळीतासिका
तीन लाख तिकडे भरता आणि आमचे तासाचे पैसे वाढवा म्हटलं की सरकारवर बोजा! तुमच्या क्लासात एका हॉलमध्ये किती मुलं बसवतात तेही सांगा.

एक_पालक
दोनशे असतील. पण शिस्त आहे, कोणी चकार शब्द काढत नाही.

कोनमापक
तीच तर अडचण आहे! २०१४ साली २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासाची शक्यता दीडपट निघाली.

लास्टबेंच
आणि २०१९ चा हार्वर्डचाच अभ्यास का लपवताय? अशा तासाला मुलं शिकतात जास्त, पण त्यांना वाटतं की कमी शिकलो. फी भरणाऱ्याला काय वाटतं यावरच क्लास चालतो. एक_पालक, राग नसावा.

एक_पालक
राग आलाच आहे.

फळ्यासमोरचा
बरं, एक प्रश्न घालून बघतो. एकच. उपप्राचार्य आले की कोनमापकांचा फोन लावून देईन.

एक_पालक
ते राहू द्या. एसटीवाल्याचं उत्तर काय? स्कूटीवरच जास्त ना?

कोनमापक
दोघांवर सारखंच. न्यूटनचा तिसरा नियम.

एक_पालक
काहीही! चुरा स्कूटीचा होतो.

लास्टबेंच
स्कूटी हलकी, म्हणून तेवढ्याच बलाने तिचा वेग जास्त बदलतो, शिवाय ती लेचीपेची. अकरावीत नव्हतं का शिकवलं?

एक_पालक
नियम तोंडपाठ होता हो, पैकीच्या पैकी मिळाले होते. त्यात एसटी नव्हती.