सोयाबीनच्या दुधाचं दही तार धरतंय, मदत हवी आहे

मंडळी, लातूरला सोयाबीनला तोटा नाही, पण त्याच्या दुधाचं दही नीट लागत नाहीये. रीत अशी: २०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवून, सालं काढून, उकळत्या पाण्यात वाटायचं. थंड पाण्यात वाटलं की दाण्यातलं लायपॉक्सिजनेज हे एन्झाइम कामाला लागतं आणि कच्चट वास येतो. एकूण पाणी सव्वा लिटर. फडक्यातून गाळून १५ मिनिटं उकळायचं, सतत हलवत. फेस आधीच वर चढतो, ती उकळी नव्हे! कोमट झालं की विरजण म्हणून हिरव्या मिरचीचे सात-आठ देठ टाकायचे.

बोअरच्या पाण्यात दूध उकळतानाच फुटतं. जड पाण्यातलं कॅल्शियम नडत असणार, फिल्टरच्या पाण्यात तसं होत नाही. ते सुटलं. खरी अडचण पुढं: मे महिन्यात दही सहा तासांत आंबट, वर पाणी आणि चमच्याला तार. देठ कमी करावेत की भांडं माठाच्या गारव्याला ठेवावं? व्हीगन विरजणाची पावडर कुणी वापरतं का, लिटरला किती? तयार दह्याचं विरजण पुढं किती वेळा चालतं? शेंगदाण्याचं दूध मिसळत असाल तर प्रमाणही सांगा. कॉर्नफ्लोअर मात्र सुचवू नका, धपाट्यासोबत ते चिकट लागतं.